लिंबू, झेंडू आणि टायर

चिऊ,

रविवारी ब्रुकलँड्सच्या जुन्या रेस ट्रॅकवरच्या म्युझियममधून परत येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "बाबा, दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, हळदकुंकू लावतो. तिला कळतं का?" मी राउंडअबाउटवर होतो, 'घरी गेल्यावर सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. आज बुधवार उजाडला, म्हणून लिहूनच देतो.

कळत नाही. गाडी म्हणजे लोखंड.

पण ज्या काँक्रीटच्या उतारावर तू धावत चढलीस आणि अर्ध्यात दमलीस, तो आठव. १९०७ साली इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांपेक्षा जोरात जायला बंदी होती, म्हणून लॉक किंग नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या जमिनीवर पावणेतीन मैलांचा हा ट्रॅक बांधला. वळणांवरचा उतार जवळजवळ २९ फूट उंच. ना हेल्मेट, ना सीटबेल्ट. शेजारी मेकॅनिक बसायचा, हाताने पंप मारून इंजिनाला तेल पुरवायचा आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचा. तुला आवडलेली ती चंदेरी राक्षसीण, नेपिअर-रेल्टन नावाची रेसची गाडी, तर बरीच नंतरची. २४ लिटरचं विमानाचं इंजिन, १९३५ मध्ये जॉन कॉबने तिच्यातून ताशी १४३ मैलांच्या वर वेगाने फेरी मारली. ब्रेक मात्र फक्त मागच्या चाकांना!

पर्सी लॅम्बर्टची गोष्ट तिथे सांगितली नाही, तू आइस्क्रीम खात होतीस. फेब्रुवारी १९१३ मध्ये याच ट्रॅकवर टॅल्बट गाडीतून त्याने एका तासात १०३ मैल कापले. एका तासात शंभर मैलांच्या वर अंतर कापणारा जगातला पहिला माणूस. त्याच वर्षी दुसऱ्यांनी तो विक्रम मोडला, म्हणून ऑक्टोबरमध्ये हा पुन्हा उतरला. मागचा टायर फुटला, गाडी उलटली, पर्सी गेला. इंजिन ठणठणीत होतं गं. दगा दिला तो एका टायरने.

आता कोल्हापूरला चल. आजोबांचं उद्यमनगरात लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला मशीन बंद. पण पूजेच्या आधी दोन तास आजोबा आणि त्यांचा माणूस चिंध्या घेऊन लेथ पुसत बसायचे. वर्षभराचं वंगण, लोखंडाचा कीस, सगळं. पुसता पुसता बोटं प्रत्येक नटवरून फिरायची, आणि दरवर्षी एखादा तरी ढिला सापडायचाच. मग पाना आणून तो आवळायचा, आणि त्यानंतर हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मला तेव्हा पेढ्याची घाई असायची, त्यामुळे त्या दोन तासांचा भयंकर कंटाळा यायचा. आता वाटतं, पूजा तीच होती. हार हा नुसता शेवट.

चाकाखालच्या लिंबाबद्दल विचारशील, तर ते मला पटवून देता येणार नाही. आजी म्हणते दृष्ट लागू नये म्हणून. नवी गाडी आणली तेव्हा तिने व्हिडिओ कॉलवर चारही चाकांखाली लिंबं ठेवायला लावली, आणि शेजारचे काका खिडकीतून बघत होते. पण हसू नकोस. अमेरिकेतले जुने रेसवाले हिरव्या रंगाची गाडी अपशकुनी मानायचे, आणि इंग्लंडच्या रेसच्या गाड्यांचा रंगच हिरवा! जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतंच.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी बादली-फडकं तुझं. बॉनेट मी उघडीन, इंजिनातलं तेल बघायची कांडी, डिपस्टिक, तू ओढायचीस. टायर घासलाय का ते बघायची इथल्यांची युक्ती आहे: वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घालायचं, नाण्याच्या कडेची पट्टी दिसली तर टायर तपासून घ्यायची वेळ आली. तुझ्या गल्ल्यातलं एक काढून ठेव.

आणि झेंडूचं आईला आठवण कर, मागच्या वर्षी ऐन वेळी मिळाला नव्हता.

तुझा,
बाबा