द्राक्षगर्भ काढला, मग आता दर आठवड्याला रक्त कशाला तपासायचं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वय 26, तासगावजवळ राहते, घरची द्राक्षबाग आहे. अडीच महिने झाले होते, उलट्या इतक्या की पाणी पण टिकत नव्हतं, मग ब्लीडिंग झालं म्हणून सोनोग्राफी केली तर म्हणाले बाळच नाहीये, द्राक्षाच्या घडासारखं काहीतरी आहे. पिशवी साफ केली, तुकड्याचा रिपोर्ट 'कम्प्लीट मोल' म्हणजे पूर्ण द्राक्षगर्भ असा आला. आता दर आठवड्याला बीटा एचसीजी (गर्भारपणातल्या हार्मोनची रक्ततपासणी) करतेय, आकडा 38 वर आलाय, अजून किती खर्च करायचा? आणि सासूबाई म्हणतात फवारणी चालू असताना बागेत गेलीस म्हणून झालं, खरंय का?

उत्तर : नाही ताई, बागेत जाण्याशी याचा काही संबंध नाही, हे सासूबाईंना पण वाचून दाखवा. गर्भ धरतानाच हे ठरलेलं असतं, तुम्हाला दिवस गेलेत हे कळायच्या कितीतरी आधी. स्त्रीबीजात गुणसूत्रंच नसतात आणि बहुतेक वेळा एकच शुक्राणू आत जाऊन स्वतःची दुप्पट करतो, त्यामुळे बाळ बनतच नाही, नुसती वार वाढते आणि तिला पाण्याचे फोड येतात. ते द्राक्षासारखे दिसतात म्हणून हे नाव, एवढंच. यात तुमची चूक नाही, मिस्टरांचीही नाही. एचसीजी हे हार्मोन वारेतच बनतं, आणि ते प्रमाणाबाहेर वाढतं म्हणून इतक्या उलट्या.

आता खर्चाचं. 38 म्हणजे नॉर्मल नाही हो, 5 च्या खाली यायला पाहिजे. कम्प्लीट मोलनंतर 100 पैकी साधारण 15 ते 20 जणींमध्ये उरलेल्या पेशी परत वाढतात, कधी फुप्फुसापर्यंत जातात, आणि बाईला सुरुवातीला काहीच त्रास नसतो, फक्त हा आकडा उतरायचा थांबतो किंवा चढायला लागतो. तेव्हा पकडलं तर बहुतेकींना मेथोट्रेक्सेट या पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं पुरतात, जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात आणि पिशवीही राहते. म्हणून आत्ता मध्येच सोडू नका प्लीज. ओळीने तीन आठवडे नॉर्मल आलं की मग महिन्यातून एकदा, किती महिने ते तुमचे डॉक्टर सांगतील, कोणी तीन सांगतं कोणी सहा. लॅब मात्र एकच ठेवा.

तोवर दिवस राहू देऊ नका, कारण नव्या गर्भानेही एचसीजी वाढतं आणि मग काहीच कळत नाही. निरोध किंवा गोळ्या चालतील, कॉपर टी आकडा नॉर्मल होईपर्यंत नको. पुढच्या वेळी परत असं व्हायची शक्यता 100 त साधारण एक, तरी सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.

ब्लड ग्रुप लिहिला नाहीत तुम्ही. निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का ते डिस्चार्ज कार्डवर बघा, नसेल तर डॉक्टरांना लगेच विचारा.