वडिलांच्या सायकलला मोटर बसवू का?

प्रश्न: मी यावल तालुक्यातला. केळीच्या बागेत जाऊन येऊन रोज 22 किलोमीटर होतात. वडिलांची जुनी लोखंडी सायकल घरीच इलेक्ट्रिक करायची म्हणतोय. मोटर कितीची घेऊ, आणि आपल्या उन्हात बॅटरी टिकेल का?

उत्तर: भाऊ, वडिलांची सायकल ठेवताय हे फार आवडलं. मोटर 250 वॅटच्या आतली घ्या, स्पीड 25 च्या खाली ठेवा म्हणजे पासिंग, लायसन काही लागत नाही. 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॅट-अवर, किलोमीटरला 12 ते 15 वॅट-अवर धरा, पायडल मारत गेलात तर 22 आरामात निघतात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, म्हणून एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) सेलचाच पॅक घ्या, जरा जड असतो पण गरमी जास्त सोसतो. बागेतून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, सावलीत ठेवा, हाताला गरम लागत असेल तर अजून थांबा.

आणि टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पट्टी, विसरूच नका! चाकात बसवलेली मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलटा फिरायला बघतो, नट ढिला झाला की फ्रेमच्या खाचेतच फिरतो आणि वायर पिळून तुटते. माझ्या पहिल्या सायकलची खाच अशीच गोल झाली होती, चाक निसटायचंच बाकी होतं. वेल्डरकडून जाड लोखंडी पट्टी कापून घ्या, एक्सलच्या चपट्या बाजूला घट्ट बसेल अशी खाच कानशीने घासा आणि पट्टी फ्रेमला आवळा. रॉड ब्रेक असतील तर तेही आधी बदला.