कोल्हापुरात पंचगंगेच्या जवळ तळमजल्यावर भाड्याने राहायला आलोय. पुरासाठी घरात काय तयारी ठेवावी?

आमचंही घर शुक्रवार पेठेत, तळमजल्यावरच. २०१९ ला आम्ही काहीच हलवलं नव्हतं. गल्लीतले जाणते ठामपणे सांगत होते, "२००५ ला पाणी उंबऱ्याला शिवून गेलं, त्याच्या वर काय येत नाही." त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेलं आणि आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर. २०२१ च्या जुलैत तर ५६ फूटही ओलांडले. तेव्हा भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विसंबू नका.

कोल्हापुरात पुराचं घड्याळ म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जुनी माणसं "मच्छिंद्री झाली का?", म्हणजे शिवाजी पुलावरच्या खुणेला पाणी लागलं का, असं विचारायची, आता सगळे मोबाईलवर फूट बघतात. पण आकडा बघून करायचं काय, हे आधी ठरलेलं नसतं, तिथंच घोळ होतो. शेजारच्या तिघा-चौघांना विचारा, किती फुटाला गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं आणि किती फुटाला तुमच्या दारात. त्यावरून कुठल्या फुटाला काय करायचं ते कागदावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या कागदावर असं आहे: ३७ ला कागदपत्रं आणि गाद्या माळ्यावर, ३९ ला स्कूटर राजारामपुरीत नणंदेकडे, ४१ ला सासूबाई आणि औषधांची पिशवी तिकडेच, ४२ ला मेन स्विच बंद करून आम्ही बाहेर. तुमचे आकडे वेगळे येतील. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, तर आम्ही एक फूट आधीच हलतो. रात्र असेल तर दोन.

पाणी आधी रस्त्यावरून येईल असं वाटतं. आमच्याकडे ते न्हाणीच्या मोरीतून आणि संडासातून वर आलं, दार कोरडं असतानाच. आता मोरीच्या तोंडावर कापड कोंबून वाळूचं पोतं ठेवतो. त्यानं पूर अडत नाही, दोन-तीन तास मिळतात फक्त.

गॅसची टाकी मात्र विसरू नका. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, साखळीनं बांधून ठेवा. भरलेली टाकीही पाण्यावर तरंगते हे मला माहीत नव्हतं. आमची दाराला आडवी येऊन बसली होती, दार उघडेना.

जेवणाची फार चिंता करू नका. तालमीतली पोरं भाकरी-पिठलं कुठूनही पोचवतात. हाल होतात ते पिण्याच्या पाण्याचे. महापूर असताना नळ कोरडे, कारण पाणी उपसणारी केंद्रंच बुडतात. २०१९ ला टँकरमागे घागरी घेऊन पळालोय. माणशी रोज चार लिटर धरून आठवड्याचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये वरच्या मजल्यावर ठेवा, घरमालकाशी आत्ताच बोलून घ्या. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद झाला की पेट्रोल आणि दूध दोन्हीची बोंब होते, म्हणून गाडीची टाकी भरलेली, दूध पावडरचा डबा आणि थोडी रोकड घरात हवी. वीज गेली की एटीएमही गेलं. आणि हो, कोरडे आतले कपडे! मदतीत साड्या आल्या, ब्लँकेटं आली, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

तुम्ही भाडेकरू, म्हणून भाडेकरार, आधार, रेशनकार्ड आणि पासबुक एकाच प्लास्टिक पिशवीत ठेवा. पंचनाम्याला तुम्ही तिथंच राहता हे दाखवावं लागतं. अडकलात तर ११२, किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७.

परत आल्यावर आधी काठीनं आपटत आत जा, आमच्या देवघरात साप होता. वायरमननं बघितल्याशिवाय स्विच लावू नका. पाण्याच्या खुणेसकट भिंतींचे फोटो काढा आणि मगच खराटा हातात घ्या. पण पाणी उतरत असतानाच गाळ ढकला. एकदा सुकला की खराट्याला हलत नाही, आम्हाला फावडं आणावं लागलं होतं.