"मॅडम, आपल्याला ते नेटवर्किंग जमत नाही"

धंदा करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि पाठोपाठ प्रश्न असतो की मग आमचा धंदा वाढायचाच नाही का. एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, दोन व्हीएमसी मशीन (धातूचे पार्ट कापून घडवणारी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), हाताखाली पाच-सहा पोरं. गृहस्थ आले होते झोप लागत नाही म्हणून, बायकोने जबरदस्तीने पाठवलेलं. बोलता बोलता कळलं की जवळजवळ सगळं जॉबवर्क एकाच कंपनीचं, तिच्याकडे चार महिन्यांचं पेमेंट अडकलंय आणि पर्चेसवाला फोन उचलत नाही. हे घरी सांगायचं नाही कारण बायको घाबरेल, कामगारांना नाही कारण ते दुसरीकडे जातील, आणि शेजारच्या शेडवाल्याला तर अजिबातच नाही, तो काँपिटिटर! दिवसभर माणसांत वावरणाऱ्या या माणसाला मनातलं बोलायला कुणीच नव्हतं, मला तर झोप न लागण्याचं मोठं कारण तेच वाटलं.

मित्राने एकदा सकाळी सातच्या बिझनेस मीटिंगला नेलेलं, तिथे साठ सेकंदात स्वतःबद्दल बोलायचं होतं, यांचा घसाच कोरडा पडला, परत गेले नाहीत. मी विचारलं, जाताना मनात काय होतं? म्हणाले, "मागायला चाललोय असं वाटत होतं. वडील सांगायचे, कुणापुढे हात पसरायचा नाही."

खरी गाठ इथे होती.

मग विचारलं, तुमच्याकडे शेवटचं कोण काय विचारायला आलं होतं? चेहरा एकदम खुलला हो. एका ओळखीच्याचा पातळ भिंतीचा पार्ट क्लॅम्प केला की वाकत होता, यांनी त्याला सॉफ्ट जॉ, म्हणजे पार्टच्या आकाराचे मऊ धातूचे जबडे, बनवून धरायला सांगितलं, रिजेक्शन थांबलं. "तो हात पसरायला आला असं वाटलं का?" "छे, उलट बरं वाटलं, आपल्याला विचारलं म्हणून." आणि मग स्वतःच गप्प बसले थोडा वेळ.

मीटिंग वगैरे बाजूला ठेवून एवढंच ठरवलं की संपर्क तुटलेल्या लोकांना फोन करायचे, आयटीआयची बॅच, जुना फोरमन, टूल सप्लायर, काम मागायचं नाही, फक्त एक अडचण विचारायची. लांबच्या ओळखी मुद्दाम घेतल्या. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्याशी वारंवार भेट होत होती, बाकीच्यांची अधूनमधून किंवा क्वचितच. आणि ते पटतं, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच.

चाकणच्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवरच विचारलं, उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना, मग बिलावर नंबर टाकतोस का? यांच्याकडे सर्टिफिकेट होतं, बिलावर नंबर नव्हता. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत करावं लागतं, उशीर झाला आणि वर्षअखेरपर्यंत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, हा टॅक्सचा नियम 2024-25 च्या असेसमेंटपासून लागू झालाय, हे त्यांना तिथे कळलं. सीएकडून पत्र गेलं, मार्चअखेर बरंचसं पेमेंट आलं, सगळं नाही.

त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शेजारच्या शेडवाल्याशी आता ते बोलतात. त्याचंही पेमेंट तिथेच अडकलेलं! दोघं लोडप्रमाणे एकमेकांना जॉब देतात.

तुमचीही अशीच घालमेल होत असेल तर लगेच पैसे भरून कुठल्या ग्रुपचे मेंबर होऊ नका, आधी एक जुना नंबर लावा. झोप मात्र आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवाच, ते काम ओळखींनी होत नाही. यांची झोप सुधारलीय, पण निम्मं काम अजून त्याच कंपनीचं आहे, त्यावर आमचं बोलणं चालूय.