सोलापूरचा किल्ला नेमका कुणाचा?

प्रश्न: आमच्या घरी वाद चाललाय. मी सोलापूरची, मिस्टर नगरचे. ते म्हणतात सोलापूरचा भुईकोट निजामशाहीचा, मी म्हणते आदिलशाहीचा. कोण बरोबर?

उत्तर: ताई, दोघंही बरोबर, आणि गंमत म्हणजे हा वाद तुमच्या घरात शोभतोच, कारण मुळात तो सासर-माहेरचाच आहे.

किल्ला बहमनी काळातला. बहमनी राज्य मोडलं तेव्हा परांड्याला ख्वाजा जहान आणि सोलापूरला त्याचा भाऊ झैनखान असे दोघं बसलेले, अकरा परगणे होते ते दोघांत निम्मे निम्मे झाले, म्हणून सोलापूरच्या वाट्याला साडेपाच. हा "साडेपाच" आकडा लक्षात ठेवा, पुढे चाळीस वर्षं याच्यावरूनच डोकी फुटली.

पुढे सोलापूर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेलं. 1524 मध्ये नगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी, बीबी मरियमशी झालं, तेही सोलापुरातच. हुंड्यात किल्ला आणि साडेपाच परगणे द्यायचं कबूल झालं होतं. नवरी गेली, किल्ला काही गेला नाही! विजापूरवाल्यांनी सरळ हात वर केले. (मरियमची आई मराठा घरातली, मुकुंदरावाची मुलगी, आणि निजामशाही घराण्याचं मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यात, म्हणजे सोयरीक तशी आपल्याकडचीच.) पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वऱ्हाडच्या इमादशहाला आणि बिदरच्या बरीदला घेऊन चालून आला आणि मार खाऊन परत गेला.

विजापूर का सोडत नव्हतं ते नकाशा बघा मग कळेल. सोलापूर ते विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर, नगर सव्वादोनशेच्या पुढे. मध्ये मैदान, डोंगर नाही घाट नाही. किल्ला शत्रूकडे गेला म्हणजे तो दारातच येऊन बसला ना.

शेवटी 1550 नंतर बुऱ्हाणने विजयनगरच्या रामरायाशी सौदा केला, विजापूरचे रायचूर-मुद्गल तुम्ही घ्या, सोलापूर मला, आणि किल्ला एकदाचा नगरकडे आला. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा मुद्दा इथे खरा. पण दहा-बारा वर्षंच! रामराया जड व्हायला लागला तेव्हा दोघा वैऱ्यांना एकत्र यावंच लागलं, मग हुसेन निजामशहाने आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात काय, तर सोलापूर. मुलगी म्हणजे चांदबीबी, हो तीच, जिने 1596 मध्ये मोगलांपासून नगर वाचवलं. ही सोयरीक झाली म्हणून तर जानेवारी 1565 ला तालिकोटच्या लढाईत रामरायाविरुद्ध सगळे एका बाजूला उभे राहिले, असं माझं मत. एकच किल्ला दोन लग्नांत दोन उलट्या दिशांनी हुंडा म्हणून लिहिला गेला, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

नंतर निजामशाहीच्या मलिक अंबरने एकदा परत हिसकावला, 1636 ला निजामशाहीच बुडाली आणि शहाजहानशी झालेल्या तहात सोलापूर पुन्हा विजापूरकडे, ते 1668 पर्यंत, मग औरंगजेबाकडे.

तेव्हा एकूण वर्षं मोजली तर तुम्ही पुढे. पण मिस्टरांना सांगताना जरा बेतानं, कबूल केलेला हुंडा पहिल्यांदा बुडवला तो तुमच्याच बाजूने.