'टर्मिनेटर'चा पहिला भाग खरंच भयपट आहे का?

तुमचा प्रश्न असा की, दुसरा भाग टीव्हीवर लागला की तुम्ही हमखास बघता, पहिला मात्र कधी पाहिला नाही. आणि मित्र म्हणतो की तो मुळात भयपट आहे, शिवाय त्यात प्रेमकथाही आहे. हे खरं की तो फेकतोय?

फेकत नाहीये. उलट कमीच सांगितलंय त्याने. माझ्या मते त्यातली प्रेमकथा काढून घेतली तर विज्ञानकथा उभीच राहत नाही. दुसरा भाग पाहिलाय म्हणजे जॉन कॉनरचा, भविष्यात मशीनविरुद्ध माणसांचं नेतृत्व करणाऱ्या नायकाचा, बाप कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे मी हातचं काही राखून लिहीत नाही.

आधी भीतीचं बघू. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन रोममध्ये तापाने फणफणला होता तेव्हा त्याला एक स्वप्न पडलं: आगीतून बाहेर पडलेलं धातूचं अर्धं धड, हातातल्या सुऱ्यांच्या आधाराने स्वतःला जमिनीवरून ओढत येतंय. सिनेमा या स्वप्नातून निघालाय, हे विसरू नका. बजेट साधारण ६४ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने तेव्हाही किरकोळच. दुसऱ्या भागासारखी आतषबाजी या पैशात होणार नव्हती. मग काय आहे? रात्रीचं लॉस एंजेलिस, ओले रस्ते, पार्किंगचे मजले, आणि एक माणूस जो घाईत नाही.

सांगाडा सरळसरळ त्या काळच्या खुनी-मागावर-आहे छापाच्या भयपटांचा. टर्मिनेटर म्हणजे जॉनच्या आईला, साराला, तो जन्मण्याआधीच मारायला मशीनने भविष्यातून धाडलेला, माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. तो टेलिफोन बूथमधल्या डिरेक्टरीत 'सारा कॉनर' शोधतो. तीन निघतात. तो यादीच्या क्रमाने जातो. त्याला त्यातली नेमकी कोण हवी हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही. आपली सारा वेट्रेस आहे, एका पोराने तिच्या एप्रनच्या खिशात आइसक्रीम टाकलंय, दिवस वाईट चाललाय, आणि टीव्हीवर बातमी येते की तिच्याच नावाच्या बायका मारल्या जातायत.

मग तो घरातला प्रसंग. साराची रूममेट जिंजर कानाला वॉकमन लावून, नाचत नाचत स्वयंपाकघरात खायला काढतेय. आत बेडरूममध्ये तिच्या मित्राची हाडं मोडतायत आणि हिला पत्ताच नाही. तिला मारून झाल्यावर फोन वाजतो. आन्सरिंग मशीनवर जिंजरचाच खोडकर आवाज लागतो: कसं फसवलं, तुम्ही मशीनशी बोलताय, पण लाजू नका, मशीनलाही प्रेम हवं असतं. आणि त्यापाठोपाठ साराचा घाबरलेला निरोप, आपण कोणत्या क्लबमध्ये लपून बसलोय ते सांगणारा. तो उभा राहून ऐकतो. आतापर्यंत त्याला कळलेलंही नव्हतं की आपण चुकीच्या मुलीला मारलंय. ना रक्ताचा सडा, ना किंकाळी, नुसता एक निरोप. पण मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त तोच प्रसंग टोचतो.

आता काइल रीस, साराला वाचवायला जॉनने भविष्यातून पाठवलेला सैनिक. सुरुवातीला भविष्यातून दोन नागडे पुरुष येतात आणि त्यातला तारणारा कोण, मारणारा कोण, हे सिनेमा बराच वेळ सांगत नाही. काइलही साराच्या मागे मागे फिरतो, तीही त्यालाच घाबरते, त्याला टाळण्यासाठीच त्या क्लबमध्ये शिरते. तिथे दोघंही बंदुका काढतात तेव्हा कुठे हिशेब लागतो. तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे, तरी १९८४च्या प्रेक्षकाच्या जागी बसून बघा.

प्रेमाची तक्रार लोक करतात ती अशी: एका रात्रीत, पळता पळता, हे कसं शक्य आहे? सारापुरती ती तक्रार मला पटते. काइलचं मात्र वेगळं आहे. त्याच्याकडे भविष्यात तिचा एक फोटो होता, जॉननेच दिलेला. त्यातली ती थोडी उदास दिसते; त्या क्षणी ही कसला विचार करत असेल, याचं त्याला कायम कुतूहल. मोटेलमध्ये पाइपबॉम्ब तयार करून झाल्यावर तो हे सगळं बोलून जातो, मग बोलायला नको होतं असं म्हणत घाईघाईने बॉम्ब बॅगेत कोंबायला लागतो. काइल झालेल्या मायकेल बीनने हे फार छान केलंय. लढाईखेरीज काहीच न शिकलेला माणूस ओशाळतो कसा, ते बघण्यासारखं आहे. पुढच्या प्रसंगाला संगीतकार ब्रॅड फीडेलने सिनेमाचीच मुख्य धून दिलीय, पण पियानोवर, संथ. जी धून लोखंडावर घण घातल्यासारखी वाजत होती, तीच.

आणि इथेच विज्ञानकथेची कळ आहे. मशीनने मारेकरी धाडला नसता तर काइल आला नसता, आणि काइल आला नसता तर जॉन जन्मलाच नसता. स्वतःच्या शत्रूला जन्माला घालायची सोय मशीनने स्वतःच केली. हा फास त्या मोटेलच्या खोलीतूनच जातो. म्हणून ती प्रेमकथा चवीपुरती घातलेली नाही.

शेवटच्या कारखान्यात कॅमेरॉनचं स्वप्न पडद्यावर येतं: अर्धं धड सरपटतंय, आणि पायाला जखम झालेली साराही त्याच्यापुढे सरपटतेय. त्यानंतर मेक्सिकोतल्या पेट्रोल पंपावर एक पोरगा तिचा फोटो काढून पाच डॉलर मागतो. ही घासाघीस करून चार देते. काइलकडे होता तो हाच फोटो, आणि काढताना ती विचार करत होती त्याचाच.

काही गोष्टी जुन्या झाल्यात. आरशासमोर डोळा काढतानाचं टर्मिनेटरचं डोकं चक्क रबरी दिसतं. त्याच्या धातूच्या सांगाड्याची चाल धक्के खात जाते, कारण तो बाहुला एकेक फ्रेमने हलवलाय. पण त्याचा पाय मोडलेला असल्यामुळे ते खपून जातं.

१०७ मिनिटांचा आहे, रात्री बघा, मुलं झोपल्यावर. टर्मिनेटर झालेला अर्नोल्ड श्वार्झनेगर दुसऱ्या भागात रक्षणकर्ता आहे, तो दोनेक तासांपुरता डोक्यातून काढता आला तर उत्तम. तिसऱ्या भागापासून पुढचं विचारायचं असेल तर मित्रालाच विचारा, माझी तिथे सहनशक्ती संपते.