वाचकांचे प्रश्न : लंडनची दुसरी भेट

प्रश्न : आम्ही दोघे मुलीकडे दुसऱ्यांदा लंडनला जात आहोत. टॉवर, बकिंगहॅम राजवाडा आणि ब्रिटिश म्युझियम मागच्या खेपेला पाहून झाले. गर्दीपासून दूरची, थोडी निराळी ठिकाणे सुचवाल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लिंकन्स इन फील्ड्स या चौकातले सर जॉन सोन यांचे घर आधी पाहा. बँक ऑफ इंग्लंडची इमारत उभारणाऱ्या या वास्तुविशारदाने आपला सारा संग्रह राहत्या घरीच मांडला आणि मरणानंतर त्यात फेरफार होऊ नये म्हणून १८३३ साली पार्लमेंटकडून खास कायदा करवून घेतला. तळघरात इजिप्तचा राजा सेती पहिला याची दुधी दगडाची शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने किंमत जास्त म्हणून ती नाकारली, तेव्हा १८२४ मध्ये सोन यांनी ती दोन हजार पौंडांना घेतली. चित्रांच्या खोलीत मात्र घाई करू नका. तिथला सेवक भिंतीची फळी कपाटाच्या दारासारखी उघडतो आणि आत चित्रांची आणखी एक रांग दिसते; एवढ्याशा खोलीत इतकी चित्रे मावली कशी, याचा उलगडा तेव्हा होतो. प्रवेश विनामूल्य आहे. सोमवारी आणि मंगळवारी घर बंद असते.

तेथून सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या दिशेने चालत गेलात, तर पोस्टमन्स पार्क नावाची छोटी बाग लागते. जवळच्या टपाल कचेरीतले कर्मचारी दुपारी इथे येऊन बसत, म्हणून हे नाव. दुसऱ्यांचा जीव वाचवताना स्वतःचा प्राण गमावलेल्या सामान्य माणसांचे स्मारक चित्रकार जी. एफ. वॉट्स यांनी १९०० साली इथे उभारले. एका लाकडी पडवीखाली भिंतीवर चिनी मातीच्या फरश्या बसवल्या आहेत आणि प्रत्येकीवर एकेक हकिगत दोन-चार ओळींत लिहिली आहे. ॲलिस एअर्स ही बिगाऱ्याची मुलगी. १८८५ च्या एप्रिलमध्ये युनियन स्ट्रीटवरच्या जळत्या घरातून तिने तीन मुलांना वाचवले आणि त्यातच तिचा अंत झाला. सेनापतींच्या पुतळ्यांनी भरलेल्या या शहरात मला ही भिंत सर्वांत मोलाची वाटते. बाकावर अर्धा तास बसून एकेक फरशी सावकाश वाचा.

प्रिमरोझ हिलजवळ, १०, किंग हेन्रीज रोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले. आपण महाराष्ट्रातून जात आहात, तेव्हा हे चुकवू नका. जाण्यापूर्वी वेळा मात्र विचारून घ्या.

प्रश्न : थेम्स नदीच्या खालून पायी जाता येते, हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. ग्रिनिचमध्ये ‘कटी सार्क’ या जुन्या जहाजाशेजारी घुमटाची गोल इमारत आहे, तिथून खाली उतरावे. गोदीतल्या कामगारांना धुक्यातही पायी कामावर पोहोचता यावे, यासाठी हा सुमारे ३७० मीटरचा बोगदा १९०२ साली खुला झाला. आत पांढऱ्या फरश्या आहेत आणि पावलांचा आवाज घुमतो. उत्तरेकडे दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबमुळे दुरुस्ती करावी लागली, तेवढा भाग अरुंद आहे. लिफ्ट कधी बंद असते आणि मग शंभराच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात, हे गुडघेदुखी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पलीकडे बाहेर आल्यावर लगेच परतू नका; त्या काठावरून ग्रिनिचच्या जुन्या नौदल महाविद्यालयाच्या जुळ्या घुमटांचे जे दृश्य दिसते, ते ग्रिनिचमध्ये उभे राहून दिसत नाही.